राखेच्या स्लॅबखालची भाकरी

माझ्या पिशवीत हातोडा आहे, हे मी नांदेड स्टेशनवरच्या पोलिसाला सांगायला नको होतं. 'यंत्र' म्हटलं असतं तर त्यानं सोडलं असतं. 'हातोडा' म्हटल्यावर त्याचे कान टवकारले.

"कसला हातोडा?"

"काँक्रीट तपासायचा."

त्यानं पिशवीतून मनगटाएवढी जाड पोलादी नळी काढली, उलटसुलट केली आणि फलाटावर टेकवून दाबली. खट्‌ करून आतली दांडी उसळली तसा तो दोन पावलं मागं गेला. दहा-बारा माणसं जमली. मी शिकवायच्या जुन्या सवयीनं सगळ्यांना समजावून सांगितलं, की काँक्रीटवर ही नळी दाबली की आतली दांडी किती उसळते त्याचा आकडा दिसतो आणि त्यावरून काँक्रीट किती पक्कं झालंय याचा अंदाज येतो. पोलिसानं ते मन लावून ऐकलं आणि हळूच विचारलं, "आमच्या क्वार्टरचा स्लॅब गळतोय. ते कळंल का यानं?" कळणार नाही म्हटल्यावर त्यानं निराश होऊन नळी परत दिली.

मी मिरजेची. तिकडच्या एका तंत्रनिकेतनात आयुष्यभर काँक्रीटचे ठोकळे फोडले. बांधकामाच्या दिवशीच त्याच मालाचे चौकोनी ठोकळे करून ठेवतात, त्यांना धंद्यात क्यूब म्हणतात. ते ठरलेल्या दिवशी यंत्रात फोडायचे आणि कितीला फुटले ते लिहायचं, हे माझं काम. पोरं मला पाठीमागं 'ठोकळेबाई' म्हणायची. मला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

त्याच पोरांतली सुप्रिया आता लातुरात इंजिनिअर आहे. तिचा फोन आला होता. "मॅडम, सातव्या दिवसाचे क्यूब असे आलेत की तुमचा विश्वास बसणार नाही. एकदा येऊन बघा आणि सही करा." निवृत्त माणसाला कुणी सही मागितली की तो उडतच जातो. तशी मी गेले.

मुदखेड

आधी सुप्रियाच्या माहेरी एक दिवस काढायचा असं ठरलं होतं. मुदखेड हे जंक्शनचं गाव. वडील रेल्वेतून निवृत्त झालेले आणि आता अर्ध्या एकरात गुलाब लावून बसलेले. सकाळी फुलांची पोती भरून नांदेडला जातात. आमच्याकडे पोत्यात हळद आणि गूळ भरलेला पाहिलाय, गुलाब पोत्यात कोंबलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मला उगाच त्या फुलांची दया आली.

आईंनी धपाटे केले होते. ज्वारीच्या पिठाचे, तिखट, वर दही. सोबत शेंगदाण्याची लसूण घालून कुटलेली कोरडी चटणी. आम्ही मिरजेकडे चटणीवर तेल ओततो, इथं ती नुसतीच खातात आणि मग पाण्याचा तांब्या शोधतात. मी तिसऱ्या धपाट्यावर थांबले तर आई म्हणाल्या, "घ्या की ताई. निस्तं बघूनच राहिल्या तुम्ही."

वडिलांना मात्र लेकीची काळजी लागली होती. "दोन वर्षं झाली, ही पोरगी राखेच्या मागं लागून राहिली. लोक सिमेंट विकून बंगले बांधून राहिले, अन्‌ ही म्हणते, सिमेंट कमी करा."

सुप्रियाचं म्हणणं असं. सिमेंट करायला चुनखडीचा दगड भट्टीत भाजावा लागतो आणि त्यात कर्बवायूचे लोटच्या लोट हवेत जातात. इकडे दगडी कोळशाच्या वीज केंद्राची राख मात्र डोंगर होऊन पडलेली असते. मग काँक्रीटमधलं साधारण तिसरा हिस्सा सिमेंट काढायचं आणि तिथं ही बारीक राख घालायची. काँक्रीट तेवढंच पक्कं होतं, फक्त सावकाश होतं. यात नवं काही नाही, मोठ्या धरणांच्या कामात हे कधीपासून चालतं. पण गावातल्या घराला, शाळेला, वसतिगृहाला ते वापरायचं म्हटलं की सगळे मान हलवतात.

आता एक शिक्षणसंस्था तयार झाली होती. लातुरात मुलींचं सहा मजली वसतिगृह बांधायचं होतं आणि सुप्रियानं ते राखेच्या काँक्रीटमध्ये मांडलं होतं. संस्थेची अट एकच होती. आधी एक लहान काम करून दाखवा, त्याचे खरे आकडे द्या आणि त्यावर बाहेरच्या जाणकाराची सही आणा. ते लहान काम म्हणजे किल्लारीतली मुलींची अभ्यासिका. एक खोली आणि पुढं व्हरांडा. जाणकार म्हणजे मी. माझ्या सहीवर सहा मजले उभे राहणार होते.

लातूर

लातुरात उतरल्यावर मला वाटलं, निवडणूक लागली की काय. चौकाचौकांत फोटोच फोटो. जवळ जाऊन वाचलं तर सगळी पोरं-पोरी. नाव, गुण, क्रमांक आणि क्लासचं नाव. त्या फोटोंखालून तशाच वयाची शेकडो पोरं पाठीवर दप्तर घेऊन खाली मान घालून चालली होती. एका मुलीनं चहाच्या गाड्यापाशी उभ्या उभ्या वही उघडली, चार ओळी पुटपुटल्या आणि चहा न पिताच पळाली. माझा जीव कळवळला. आमच्या वेळी अभ्यास एवढ्या घाईनं कुणी करत नव्हतं, निदान मी तरी नाही.

सुप्रिया भाड्यानं राहते त्या घराच्या मालकीणबाईंनी वरचे दोन्ही मजले मुलींना दिलेत. एका खोलीत चार खाटा, मध्ये चालायला वीतभर जागा. मी मिरजेची म्हटल्यावर त्या उठून आत गेल्या आणि पाण्याचा पेला घेऊन आल्या. "त्या दुष्काळात तुमच्या मिरजेचं पाणी रेल्वेनं आलं आन्‌ आम्ही प्यालो. आता आमचं प्या." मी त्या पाण्यात काडीचाही वाटा उचलला नव्हता, तरी पेला अगदी मानानं घेतला.

मग सुप्रियानं सातव्या दिवसाच्या क्यूबचा कागद पुढं ठेवला. दहावीच्या निकालादिवशी फुलावा तसा तिचा चेहरा फुलला होता. मी आकडे वाचले, चष्मा पुसून परत वाचले, आणि माझं तोंड उतरलं.

"काय झालं मॅडम?"

"फार चांगले आलेत."

"मग?"

"म्हणूनच."

राखेचं काँक्रीट आळशी असतं. पहिला आठवडा ते अंथरुणातून उठत नाही. खरा जोर महिन्याभरानं आणि त्यानंतरही वाढत राहतो. हे क्यूब मात्र सातव्या दिवशीच दंड थोपटून उभे होते. मी म्हटलं, जागेवर जाऊन बघू. सुप्रिया हिरमुसली. स्लॅबच्या दिवशी दुपारी दोन तास ती खडीच्या गाडीसाठी रस्त्यावर अडकली होती, बाकी सगळा वेळ जागेवर होती, असं तिनं दोनदा सांगितलं.

निलंग्यावरून किल्लारी

तिचं निलंग्यात आधी काम होतं, म्हणून वाट वाकडी करून गेलो. ती वाट सार्थकी लागली ती निलंगा राईसमुळे. पिवळाधमक, मसालेदार भात, त्यात शेंगदाणे, आणि तो सकाळी आठ वाजता! आमच्याकडे सकाळी भात दिला तर माणूस विचारील, घरात कुणी आजारी आहे का. इथं एसटीतून उतरलेले लोक उभ्यानं प्लेट संपवत होते. मीही संपवली आणि लाज सोडून अर्धी प्लेट आणखी घेतली.

किल्लारीत शिरल्यावर पहिल्यांदा डोळ्यांत भरतात ते रस्ते. सरळ, रुंद, कागदावर आखल्यासारखे. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर वसवलेलं हे गाव. जुन्या गावात दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं माळवद असायचं. त्या पहाटे तेच माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. नव्या गावात माणसं मोकळेपणी बोलतात, हसतात, चहा पाजतात, पण अनोळखी घरात पाऊल टाकताना आधी वर बघतात. मी दिवसभर पाहिलं. सगळे आधी वर बघतात.

अभ्यासिकेचं काम व्यंकट मिस्त्रींकडं होतं. पासष्टीचे, काटक, डोक्याला पांढरा रुमाल. स्लॅबला तीन आठवडे झाले होते आणि त्या दिवशी खालचे शेवटचे टेकू काढायचे होते. गडीमाणसं लाकडी टेकू एकेक करून काढत होती. शेवटचा एक राहिला तेव्हा मिस्त्रींनी फडकं घेतलं आणि ते सरळ खोलीच्या मध्यावर, स्लॅबच्या खाली जाऊन मांडी घालून बसले. फडकं सोडून भाकरी काढली.

"हे काय?" मी विचारलं.

"त्यांचं असंच असतं," सुप्रिया म्हणाली. "भूकंपानंतर बांधलेल्या प्रत्येक छताखाली ते असे बसलेत. शेवटचा टेकू काढायचा आणि यांनी खाली बसून भाकरी खायची. मगच घरमालक आत येतो."

रस्त्यावर सात-आठ बायका उभ्या होत्या. ज्यांच्या मुली या खोलीत बसणार होत्या, त्या आया. राखेचं छत म्हणून त्यांच्या मनात किंतू होता. त्यातली एक मला म्हणालीच, "राख आम्ही लई बघितली बाई. ती आन्‌ पोरींच्या डोक्यावर कशाला?" भूकंपानंतर इथं कित्येक दिवस सरणं जळत होती, ते मला तेव्हा आठवलं.

टेकू निघाला. मिस्त्री सावकाश एकेक घास खात होते. वर बघत नव्हते. संपूर्ण गावात वर न बघणारा तेवढा एकच माणूस. बायकांचे चेहरे सैल पडले आणि माझे डोळे भरून आले.

मग मी वर जाऊन हातोडा लावला. दहा ठिकाणी लावला. दहाही ठिकाणी आकडा जास्त. नवं, राखेचं, तीन आठवड्यांचं काँक्रीट असं बोलत नाही.

दुपारी सगळ्यांना जेवण होतं. येसराची आमटी, ज्वारीची भाकरी, कांदा. येसर म्हणजे डाळी-धान्यं भाजून केलेलं मसाल्याचं पीठ. त्या आमटीनं माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी काढलं आणि तरी मी वाटी पुढं करत राहिले. पंगत अंगणात मोठ्या ताडपत्रीवर बसली होती. ताडपत्री कसली, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या उसवून एकमेकींना शिवल्या होत्या. मिस्त्रींच्या कामावर गोणी कधी वाया जात नाही म्हणे. प्रत्येक स्लॅबच्या गोण्या शिवून त्या त्या घरालाच देतात, पुढं धान्य वाळवायला.

मला मोजायची वाईट खोड आहे. भाकरी मोडता मोडता मी गोण्या मोजल्या. तीस. परत मोजल्या. तीसच. सुप्रियाच्या आखणीप्रमाणे या स्लॅबला बावीस लागायला हव्या होत्या.

मला ठसका लागला. तो ठसका आमटीचा समजून मला तिघांनी पाणी दिलं.

जेवणानंतर मिस्त्री व्हरांड्याच्या तयार सळयांपाशी बसले होते. मी शेजारी दगडावर टेकले. सुप्रिया लांब होती.

"मिस्त्री, आठ गोण्या जास्त पडल्यात."

त्यांनी नाकारलं नाही. सळईवरची माती बोटानं काढत राहिले.

"राख बी टाकली बाई. पोरीला शब्द दिलता, एक चिमूट कमी केली न्हाई. पर वरून सिमिट बी टाकलं. पदरचं. ती खडीच्या गाडीला गेलती तवा."

"का?"

 ते सळईकडं बघतच बोलले.

"आमच्या जुन्या गावात दर उन्हाळ्याला माळवदावर पांढऱ्या मातीचा थर टाकायचे. पावसात गळू ने म्हणून. माझा बाप टाकायचा, मग मी टाकाय लागलो. जुना थर कोन काढतंय? त्याच्यावरच नवा. भुकंपाच्या साली पाऊस लई सांगितलता, म्हून मी दोन टाकले. घरात लहान पोरगी व्हती. तिच्यावर पानी टपकू ने." ते थांबले. "पानी न्हाई टपकलं."

 मी त्यांच्या हाताकडं बघत बसले. माझ्या आयुष्यात मी हजारो ठोकळे फोडले, पण कुणाच्या घराचं छत कधी पडलेलं पाहिलं नव्हतं. मला स्वतःचा आकड्यांचा तोरा त्या क्षणी नकोसा झाला.

तरी बोलावं लागलंच. "मिस्त्री, ही खोली पक्की आहे. तिला काही होणार नाही. पण हे आकडे बघून लातुरात सहा मजले बांधतील. तिथं तुम्ही नसाल. तिथं वरून आठ गोण्या कुणी टाकणार नाही. सातव्या दिवशी एवढा जोर येतो असं धरून ते टेकू लवकर काढतील. आणि वर मुली असतील, चार-चार खाटा टाकून."

त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"तवा बी जास्तीचंच टाकलं व्हतं," ते म्हणाले.

ते स्वतः उठले आणि स्वतःच सुप्रियाकडं गेले. मी मागं गेले नाही. लांबून दिसलं, की तिनं आधी कपाळावर हात मारला, मग ती मोठ्यानं काहीतरी बोलली, मग पाठ फिरवून रस्त्यापर्यंत गेली. दोन वर्षांची मेहनत होती, मी तिला दोष देत नाही. दहा मिनिटांनी ती परत आली. डोळे लाल होते.

"मॅडम, सही नाही ना करणार?"

"नाही."

"करू पण नका." मग नाक पुसत मिस्त्रींना म्हणाली, "मामा, व्हरांडा राहिलाय. तो खरा करायचा का?"

किल्लारी, दुसरा दिवस

व्हरांड्याचा स्लॅब सकाळी सातला सुरू झाला. नारळ फुटला, मिस्त्रींनी हात जोडले आणि मग माझ्यासमोर एक स्टूल ठेवलं. "हितं बसा बाई. मोजा."

मी मोजलं. गोण्या, राखेची घमेली, पाण्याच्या बादल्या. माझ्या आयुष्यात माझ्या मोजण्याच्या खोडीला असा मान कधी मिळाला नव्हता. दर खेपेला सिमेंट पडलं की मिस्त्रींचा हात आपसूक पुढच्या गोणीकडं जायचा आणि मागं यायचा. एकदा तर त्यांनी गोणी उचललीच.  त्यांनी ती परत ठेवली आणि दोन पावलं लांब जाऊन उभे राहिले.

नऊ ठोकळे भरले. ते पाण्यात ठेवावे लागतात. तिथं हौद नव्हता, म्हणून दुसऱ्या दिवशी साचे सोडवून मिस्त्री ते आपल्या घरच्या हौदात ठेवणार होते. कालच्या त्या बाईनं विचारलं, "आता ह्याच्यात जास्तीचं काय बी न्हाई का?" कालची गोष्ट गावात पसरली होती. मिस्त्री म्हणाले, "न्हाई. निस्ता हिशेब हाय." ती निघून गेली. मला वाटलं, संपलं. ही आता मुलीला पाठवत नाही.

निघताना मिस्त्रींनी मला एक घडी दिली. त्या तीस गोण्यांच्या ताडपत्रीतल्या आठ गोण्या त्यांनी उसवून वेगळ्या शिवल्या होत्या. "ह्या त्या खोलीच्या न्हाईत," एवढंच म्हणाले. परतीच्या गाडीत मी ती घडी मांडीवर घेऊन बसले.

मिरज

परतल्यावर मी संस्थेला पत्र लिहिलं. खोलीचे आकडे धरू नयेत, व्हरांड्याचे येईपर्यंत थांबावं. संस्थेनं कपाळाला आठ्या घालून थांबायचं कबूल केलं. वसतिगृह एक पावसाळा पुढं गेलं.

व्हरांड्याचे क्यूब सातव्या दिवशी फुटले ते इतक्या कमी आकड्याला, की सुप्रिया फोनवर रडायच्या बेतात होती. मी तिला म्हटलं, राखेला झोपू दे. मिस्त्री मात्र रोज तीन वेळा व्हरांड्यावर पाणी मारत होते. अठ्ठाविसाव्या दिवशी दुपारी तिचा फोन आला आणि तिनं नुसता आकडा सांगितला. हवा होता तेवढा. थोडा वरच. ना दंड थोपटणं, ना काही. मी सही केली. 

दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी घासत होते तेव्हा फोन वाजला. अनोळखी नंबर.

"बाई, व्यंकट मिस्त्री बोलतो. टेकू काढले. समदे."

"बसलात का खाली?"

"हाव."  मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. "बाई, ह्या टायमाला वर बघितलं. लई येळा बघितलं."

"आणि?"

"भाकर संपली. मंग ती बाई आली. ती, राखेचं बोलणारी.  पोरीला हाताला धरून आणलं, माझ्या शेजारी बसवलं, पुस्तक दिलं आन्‌ गेली." ते हळू बोलायला लागले, शेजारी कुणी वाचत असल्यावर बोलतात तसं. "पोरगी वाचूलालीय बाई. ती एकदा बी वर बघना. मला उठू वाटंना झालंय."

"मग बसा की," मी म्हटलं, आणि नळ बंद केला.